डिफॉल्टर नंबर तीन

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी माझं नाव अख्ख्या मजल्याला मेलने कळवण्यात आलं. वर ठळक अक्षरांत 'डिफॉल्टर्स लिस्ट', खाली पाच नावं, तिसरं माझं. बँका बुडवून परदेशी पळालेल्या माणसांसाठी मी हा शब्द राखून ठेवला होता. मी फक्त एक व्हिडिओ पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला होता, आठ वेळा, पण पहिली चार मिनिटंच.

व्हिडिओ सायबर सुरक्षेचा. अकरा मिनिटांचा, सक्तीचा. पुढे ढकलता येत नाही, दुसऱ्या टॅबवर गेलात की रुसून थांबतो, मध्ये तुटला की पुन्हा श्रीगणेशा. मुदत शुक्रवारची, त्यामुळे फोर्टातल्या आमच्या मजल्यावरची साठ माणसं शुक्रवारीच बघायला बसली. व्हिडिओ अख्खा येत नाही, काही सेकंदांच्या तुकड्या-तुकड्यांनी येतो, आणि लाइन जड झाली की प्लेअर आपणहून हलक्या प्रतीचे तुकडे मागवतो. आधी निवेदिकेचं नाक जातं, मग बाईच्या जागी चौकोन उरतात, मग तो गोल. साठ हंडे आणि नळ एक. माझा हंडा दर वेळी चार मिनिटं दहा सेकंदांवर रिकामा. तोवरचा मजकूर मला पाठ झालाय. 'आपला पासवर्ड कधीही कागदावर लिहून ठेवू नका,' असं ती बाई तिसऱ्या मिनिटाला बोट वर करून सांगते.

गोल फिरायला लागला की माझ्या मागे कानडेकाका उगवतात. अकाउंट्समधले, पुढच्या मार्चमध्ये रिटायर होणारे. हातात चहाचा ग्लास.

"अडकला वाटतं."

"हो काका."

"फिरतंय."

"हो."

"म्हणजे बफरिंग असणार." एक घोट. "माझं मंगळवारीच झालं."

कसं, हे मी विचारलं नाही, पण काकांना विचारावं लागत नाही.

"आवाज बंद केला नि डबा उघडला. डबा धुऊन येतो तर प्रमाणपत्र तयार! तू बघत बसतोस ना, म्हणून अडकतो. दूध उतू जातं कधी? आपण बघत नसताना. तसंच हे."

"काका, दूध उतू जायला नकोय मला."

"शेवटी काय होतं सांगू?"

"नको."

"तो कुरिअरवाला असतो ना? तो कुरिअरवाला नसतोच."

सक्तीच्या ट्रेनिंगचा सस्पेन्स फोडणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. वर वाईट याचं, की मला खरोखर राग आला. माझा कुरिअरवाला चार मिनिटं दहा सेकंदांवर दारात उभा होता, आणि तो कोण हे जाणून घ्यायची मला थोडी उत्सुकता लागली होती.

मग काकांचं दूरदर्शन सुरू झालं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. काकांचं अजून बंद व्हायचंय. लालबागच्या चाळीत एकच टीव्ही होता आणि गच्चीवरचा अँटेना वरळीच्या टॉवरकडे फिरवण्याचं खातं काकांकडे होतं. खालून पोरं ओरडायची, 'आलं... आलं... गेलं!' पडद्यावर 'रुकावट के लिए खेद है' ची पाटी लागली तरी चाळकरी दोष काकांनाच द्यायचे. "पण त्या पाटीत निदान खेद होता रे," काका म्हणाले. "हा नुसता गोल फिरतो. काही माणुसकी?" हे मात्र मला पटलं. आणि मी मान डोलावली हीच चूक झाली, कारण काकांनी ग्लास माझ्या फायलीवर ठेवला, मॉनिटर दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "वरळी कुठल्या बाजूला?"

"काका, हे वायरने येतं."

"तेव्हाही खाली वायरच होती."

मॉनिटर वरळीकडे तोंड करून बसला. योगायोग बघा, व्हिडिओ चार मिनिटं सव्वीस सेकंदांपर्यंत गेला. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुढचा अर्धा तास मी मान वाकडी करूनच काम केलं.

दुपारी जेवून आलो तर आजारच बदललेला. आता गोलही नाही. ट्रेनिंगचं पान उघडतंय, माझं नाव दिसतंय, आणि व्हिडिओच्या जागी काळा चौकोन. आयटीला फोन लावला. आयटी ऐरोलीला बसते. तिकडचा मुलगा गोड होता.

"सर, ऑफिसमध्ये स्ट्रीमिंग ब्लॉक आहे."

"ट्रेनिंग तुमचंच आहे."

"हो का? मग रीस्टार्ट केलंत?"

केलं. कॅशे साफ केली. त्यात साठवलेली सगळी लॉगिनंही साफ झाली. हार्डवेअर ॲक्सिलरेशन नावाचं काहीतरी बंद केलं. ब्राउझर बदलला. दर वेळी तो म्हणायचा, "आमच्या बाजूने ओके दिसतंय, सर." या वाक्याचा अर्थ 'तुम्हीच काहीतरी केलंय' असा असतो, हे इतक्या वर्षांत कळलंय. पावणेपाचला त्याने विचारलं, "खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"पिवळं."

"काय?"

"चिठ्ठी आहे. चिकटवलेली."

"कसली?"

मी गप्प. ऐरोलीही गप्प.

"सर... पासवर्ड?"

"ती महत्त्वाची नाही."

"वर करा, सर."

चिठ्ठी वर केली. खाली रात्रीचे पावणेतीन वाजले होते. तारीख १ जानेवारी २०१२.

झालं होतं असं. संगणकाचा वीजपुरवठा तुटला तरी घड्याळ चालू राहावं म्हणून मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर२०३२. २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, म्हणून ते नाव. माझ्यातला सहा महिन्यांपूर्वीच वारला. रोज सकाळी काळ्या पडद्यावर तक्रार येते, मी एफ-वन दाबतो, तारीख-वेळ हाताने भरतो आणि देवाचं नाव घेऊन सुरू करतो. ट्रेनिंगचं पान ऑफिसच्याच सर्व्हरवरचं, त्याला कसली पडताळणी नाही. पण व्हिडिओ येतो बाहेरून, आणि बाहेरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याचं ओळखपत्र, कधीपासून वैध आहे हे ब्राउझर माझ्या घड्याळावर ताडून बघतो. माझा संगणक २०१२ सालात बसलेला. त्याच्या लेखी सचिनचं शंभरावं शतक व्हायला अजून अडीच महिने होते आणि घाटकोपरची मेट्रो जवळजवळ अडीच वर्षांवर होती. ज्याचा जन्मच झाला नाही त्या प्रमाणपत्रावर कोण विश्वास ठेवेल? चूक त्याचीही नव्हती.

पण सकाळी तर मी तारीख भरली होती. टेबलाखाली वाकलो. एक्स्टेंशन बोर्डात माझ्या प्लगच्या जागी एक पांढरा चार्जर अडकवून काढल्याची जागा अजून कोमट होती. खरं तर कोमट नव्हती, पण मला तशी लागली. कानडेकाका म्हणाले, "तू जेवायला गेला होतास ना? दोन टक्के राहिली होती रे. आणि लावला की परत प्लग, एफ-वन दाबून चालूही करून ठेवला!"

तारीख दुरुस्त केली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मजला रिकामा व्हायला लागल्यामुळे नळाला धार आली होती. पाच एकवीसला, म्हणजे लिस्ट येऊन एक मिनिट झाल्यावर, मला प्रमाणपत्र मिळालं. एचआरला लगेच कळवलं. उत्तर आलं, लिस्ट पाच वाजताच्या डेटावर आधारित आहे. दुरुस्तीचा मेल सगळ्यांना पाठवाल का, यावर उत्तरच नाही. त्याची मात्र मला अजून चीड आहे. सेल मेलाय हे मी सहा महिन्यांपूर्वी लेखी कळवलंय, 'वेंडरला सांगितलं आहे' असं उत्तर माझ्याकडे जपून ठेवलंय. पण त्या वेंडरचं नाव कुठल्याच लिस्टमध्ये नाही. आयटीने माझं तिकीट, म्हणजे तक्रार, बंद केलं. कारणाच्या रकान्यात 'युजर साइड'. खाली पाच चांदण्या, अनुभव कसा वाटला म्हणून.

सोमवारी स्टेशनला जाताना फुटपाथवरच्या घड्याळवाल्याकडून मी सेल घेतला, चाळीस रुपयांना, स्वतःच्या खिशातून. बिल मागितलं तर तो हसला. मंगळवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन कॅबिनेटपाशी बसलो, तेव्हा मागच्या बाजूला वेंडरचं सील दिसलं. उघडायचा अधिकार फक्त त्यांना. तेव्हापासून सेल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि मी रोज सकाळी एफ-वन दाबतो. चिठ्ठी आता डाव्या कोपऱ्यात लावलीय.

काल कानडेकाका आले. ड्रॉवर उघडाच होता.

"हा सेल पडूनच आहे ना? दे मला. घरचा वजनकाटा बंद पडलाय."