कागदाच्या त्या एका वाक्यावरून

‘सॉफ्ट पेस्टल : पहिला आठवडा’ या, खडूसारख्या भुसभुशीत रंगकांड्यांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात अशी : नवशिक्यांना साधा कार्ट्रिज पेपर (नेहमीचा स्वस्त ड्रॉइंग पेपर) सुचवला हे चूक, फिक्सेटिव्ह (रंग झडू नये म्हणून मारायचा फवारा) ‘भरपूर’ मारायला सांगितलं हेही चूक, धुळीबद्दल अवाक्षर नाही, पेस्टलसाठी गाजलेला फ्रेंच चित्रकार देगा काही कार्ट्रिजवर काम करत नव्हता आणि शेवटी, “ठाण्यात गच्चीवर बसून हौस भागवणाऱ्यांनी इतरांचे पैसे वाया घालवू नयेत.”

फिक्सेटिव्हचं मान्य. ‘भरपूर’ हा शब्द माझ्या हातून गेला. लांबून एक-दोन हलके थर पुरेत. जास्त झालं की उजळ रंग काळपटतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं, गच्चीचं वाक्य. एक तर गच्ची नाही, पाचपाखाडीतली बाल्कनी आहे, आणि तिच्यात वाळत घातलेले कपडे सरकवूनच बसावं लागतं. दुसरं, हौस हा शब्द शिवीसारखा कधीपासून वापरायला लागले लोक? आणि ठाणं मध्येच कुठून आलं? पेस्टलला पिनकोड लागतो का? जुलैत येऊरच्या डोंगराकडून ओली हवा आली की काचेला टेकलेल्या चित्रावर बुरशी कशी धरते, हे मला याच गावात कळलं. म्हणून माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून चित्र आणि काचेत फट ठेवा असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण काहीच बोलला नाहीत.

राहिले पैसे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड. (हसा.) मग वीस वर्षं नोकरी, आणि चाळिशी उलटल्यावर एका क्लासला नाव घातलं. तिथे पहिल्याच दिवशी साहित्याची यादी हातात पडली : सँडेड पेपर (सँडपेपरसारखा खरखरीत, रंगाचे बरेच थर धरणारा कागद), मोठा सेट, अमुकच कंपनीचा. सगळं मुकाट आणलं. तो कागद सहा महिने कपाटात साड्यांखाली होता, कारण एवढ्या महाग तावावर पहिली रेघ मारायचं धाडस होईना. पैसे वाया जातात ते असे, दादा. कार्ट्रिजचा एक ताव फाडून टाकताना कोणी दोनदा विचार करत नाही.

त्याच कार्ट्रिजवर मी मसुंदा तलावाची संध्याकाळ काढायला बसले. उत्साहात आधी पाण्यावरची पिवळी झळाळी भरून टाकली, मग तिच्यावर जांभळा, मग पलीकडच्या झाडांचा गडद हिरवा. सगळं मिळून शेवाळ झालं. ते उजळ करायला पुन्हा पिवळी कांडी घेतली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. कागदाचं टूथ, म्हणजे रंग धरणारा खरखरीतपणा, भरलं होतं, रंग धरायला जागाच उरली नव्हती. आपण म्हणाल, “मी तेच सांगत होतो!” नाही. आधी गडद, उजळ शेवटी, आणि हात हलका, हे क्लासमध्ये तीनदा ऐकलं होतं. कळलं त्या फसलेल्या तावावर. सँडेडने ते दहाव्या थरापर्यंत लपवून ठेवलं असतं.

देगाचं म्हणाल तर तो उतारवयात चक्क ट्रेसिंग पेपरवर पेस्टल करत होता, माझ्या कार्ट्रिजहून गुळगुळीत. तो थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह मारायचा आणि तो देगा होता, हे मला ठाऊक आहे. लगेच लिहायला बसू नका.

धूळ : फुंकर मारू नये, चित्र उभं धरून मागून टिचकी मारावी, खाली ओलं फडकं ठेवावं. एका ओळीचं काम. आपणही ते एका ओळीत, गच्ची मध्ये न आणता, सांगू शकला असतात. बाकीच्या मुद्द्यांत मला फारसं काही दिसलं नाही.

आणि हो, ते सँडेड पेपर अजून आहेत. पाचातले तीन.