पैसे घालणारा चोर, काढणारा साव

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, उघडली की आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर खेळाबद्दल बोलणं बंद होतं आणि सगळेच सीए होतात. आर्सेनलवाले 'सिटीचे ११५ आरोप' (मँचेस्टर सिटीवरचे आर्थिक नियमभंगाचे) हे पालुपद लावतात. चेल्सीवाले त्यांची हॉटेलविक्री कशी कायदेशीर होती ते समजावतात. न्यूकॅसलचा एकुलता एक समर्थक 'आम्हाला वर येऊच द्यायचं नाही तुम्हाला' म्हणून चिडतो आणि लिव्हरपूलवाले 'आम्ही कमावतो आणि खर्च करतो' असं तोऱ्यात सांगून मोकळे होतात. मी स्वतः आर्सेनलचा, म्हणजे क्लबच्या खर्चाला लगाम घालणाऱ्या या नियमांचं गुणगान करणं माझ्या सोयीचं. पण हे नियम भलत्याच माणसाची कॉलर धरतात असं माझं मत झालंय. ग्रुपवर चार ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, अध्यक्ष प्लाटिनीच्या काळात, २०१० च्या सुमारास, फायनान्शियल फेअर प्ले (एफएफपी) आणलं. प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगने, २०१३ मध्ये आपले वेगळे नियम केले, तेच पीएसआर (प्रॉफिट अँड सस्टेनेबिलिटी रूल्स). तीन वर्षांत मिळून क्लबने जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा करायचा, तोही मालकाने भांडवल घालून भरून काढला तर. नाहीतर मर्यादा दीड कोटीची. अकादमी, महिला संघ, स्टेडियम यांवरचा खर्च यातून वगळतात. हेतू चांगला होता, यात वाद नाही. २००८ मध्ये एफए कप जिंकलेलं पोर्ट्समथ २०१० मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभं होतं. असं पुन्हा होऊ नये, एवढंच लोकांना हवं होतं.

आता हा नियम धरतो कुणाला ते बघा. एव्हर्टनचा तीन वर्षांचा तोटा १२.४५ कोटी पौंड निघाला, म्हणजे मर्यादेपेक्षा १.९५ कोटी जास्त. नवं स्टेडियम बांधत होते, त्या कर्जावरच्या व्याजाचा हिशेब कसा धरायचा यावरही वाद होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ६ वर आणले, आणि एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबासाठी आणखी २ कापले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले. त्यांचं प्रकरण तर वाचण्यासारखं आहे. ब्रेनन जॉन्सनला त्यांनी १ सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमला ४.७५ कोटींना विकलं. हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपत होतं. जूनमध्येच घाईने विकला असता तर कमी पैसे आले असते, पण गुण वाचायची शक्यता होती. दोन महिने थांबून चांगला भाव मिळवला, तर शिक्षा. क्लबचं आर्थिक आरोग्य राखायचा नियम हा, आणि त्याची अपेक्षा अशी की माल पडत्या भावात काढा!

आणि हा नियम कुणाला हात लावत नाही? ग्लेझर कुटुंबाला. २००५ मध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेड साधारण ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाऊ होता आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. त्याआधी त्या क्लबवर कर्ज नव्हतं. तेव्हापासून युनायटेड व्याज भरतंय, म्हणजे तिकीट काढणारे आणि जर्सी विकत घेणारे भरतायत. वर मालकांनी लाभांशही घेतला. एफएफपी, पीएसआर, कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही, कारण हा नियम फक्त तोटा मोजतो. मालकाने खिशातून पैसे घालून संघ उभा केला तर चौकशी, आणि क्लबच्या तिजोरीतून पैसे काढले तर तो व्यवहार. आमच्या ग्रुपवर ११५ आरोपांवर हजार मेसेज पडले असतील. ग्लेझरांवर बोलतात ते फक्त युनायटेडवाले, तेही हरल्यावर.

'कमावतो आणि खर्च करतो' हा युक्तिवादही जरा तपासू. लिव्हरपूलने २०२५ च्या उन्हाळ्यात खेळाडूंवर ४० कोटी पौंडांहून जास्त उधळले. एकट्या इसाकचे साडेबारा कोटी. नियमात बसलं, कारण उत्पन्न तेवढं आहे. उत्पन्न एवढं का? कारण दशकानुदशकं जिंकत आलेत, जगभर चाहते आहेत, पुण्यातसुद्धा दर तिसरा माणूस पंढरीच्या वारकऱ्याच्या निष्ठेने लिव्हरपूलचं नाव घेतो. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. पण ज्या क्लबकडे ही पुण्याई नाही, त्याने ती मिळवायची कशी? जिंकून. आणि जिंकायचं कसं? उत्पन्नाच्या प्रमाणात खर्च करून. म्हणजे तुम्ही जिथे आहात तिथेच बसा.

यात सगळ्यात जास्त भरडली जातात ती अकादमीतली पोरं. याचं गणित साधं आहे. शंभर रुपयांना घेतलेला खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असेल तर वह्यांमध्ये दरवर्षी वीस रुपये घसारा लागतो. (चेल्सीने मुद्रिक, एन्झो फर्नांडेस यांना साडेआठ वर्षांचे करार दिले ते यासाठीच, मग युएफाने आणि प्रीमियर लीगने पाच वर्षांची मर्यादा घातली.) पण तुमच्याच अकादमीत वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य. तो विकला की आलेली सगळी रक्कम निव्वळ नफा. म्हणून जून संपत आला की सगळ्यात आधी विकायला निघतो तो गावचा मुलगा. सौदीचा सरकारी फंड मालक असलेल्या न्यूकॅसलने जून २०२४ मध्ये एलियट अँडरसनला ३.५ कोटींना फॉरेस्टला विकलं. लहानपणापासून त्यांच्याच अकादमीत वाढलेला पोरगा, आता इंग्लंडकडून खेळतो. त्याच सुमारास फॉरेस्टकडून न्यूकॅसलला एक गोलकीपर आला, जो पुढे जवळपास खेळलाच नाही. तुम्हीच समजून घ्या. युनायटेडने आपल्याच अकादमीतला मॅकटॉमिने नापोलीला दिला आणि तो पहिल्याच हंगामात इटलीत विजेतेपद आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू हा मान घेऊन बसला.

चेल्सीवाल्यांनो, तुम्हीही या. दोन हॉटेलं ७.६५ कोटी पौंडांना आपल्याच भावकीतल्या कंपनीला विकायची आणि नफा दाखवायचा. महिला संघही तसाच मूळ कंपनीला विकायचा. प्रीमियर लीगने चालवून घेतलं, युएफाने घेतलं नाही, आणि जुलै २०२५ मध्ये ३.१ कोटी युरोंचा दंड बसला. ज्या नियमामुळे फुटबॉल क्लब स्वतःलाच हॉटेल विकतो, त्या नियमात काहीतरी मुळातच बिनसलंय.

आता मुख्य मुद्दा, आणि तो मला आपल्या पुण्यातूनच दिसतो.

ब्लॅकबर्न रोव्हर्स. १९९१ मध्ये जॅक वॉकर नावाच्या स्थानिक पोलाद व्यावसायिकाने हा क्लब ताब्यात घेतला, तेव्हा तो दुसऱ्या पातळीवर धडपडत होता. वॉकरने स्वतःची पोलादाची कंपनी ब्रिटिश स्टीलला विकून पैसे कमावले होते. केनी डालग्लीशला मॅनेजर म्हणून आणलं, १९९२ मध्ये स्ट्रायकर शिअररवर ब्रिटिश विक्रमी रक्कम ओतली, दोन वर्षांनी सटनवर ५० लाख पौंड, ईवुड पार्क नव्याने बांधलं. १४ मे १९९५ ला लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर हरूनही लीग जिंकले, कारण युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीच साधता आली. पीएसआरच्या जमान्यात हे शक्यच नव्हतं. एखाद्या गिरणीगावाला त्याच्याच माणसाने लीग जिंकून दिली, याला आपण 'आर्थिक डोपिंग' म्हणणार का?

वॉकर २००० साली गेला. त्याच्या ट्रस्टने नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब २.३ कोटी पौंडांना विकला तो आपल्या पुण्याच्या वेंकीजला. महिन्याभरात सॅम अॅलरडाइसला काढलं. खेळाडूंना घेऊन चिकनची जाहिरात केली. २०११ मध्ये संघ बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला, तेव्हा इथे कोण कौतुक! तिकडे चाहते निदर्शनं करत होते. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध हरून ते खाली घसरले, आणि त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात मॅनेजर इतक्या वेगाने बदलले की हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला. डिसेंबर २०१४ मध्ये दुसऱ्या पातळीच्या लीगच्या एफएफपी नियमांखाली त्यांच्यावर खेळाडू घ्यायला बंदी आली. २०१७ मध्ये तिसऱ्या पातळीवर गेले, पुढच्या वर्षी परत आले.

इथे एक गोष्ट वेंकीजच्या बाजूने मान्य करायला हवी. त्यांनी या वर्षांत क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून जास्त घातलेत आणि त्यातून काही फायदा झाल्याचं दिसत नाही. त्यांचा पैसा नसता तर क्लब कधीच बुडाला असता. पण नेमका इथेच धोका आहे. २०२३ पासून अंमलबजावणी संचालनालयाच्या (ईडी) चौकशीमुळे इंग्लंडला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. म्हणजे लँकेशायरमधल्या क्लबला पैसे वेळेवर पोचणार की नाही, हे दिल्लीतल्या कोर्टाच्या तारखांवर अवलंबून! २०२४ च्या फेब्रुवारीत ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला अॅडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, आणि त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो संघात होता. २०२५ च्या फेब्रुवारीत संघ प्लेऑफच्या, म्हणजे वर जायची संधी देणाऱ्या, जागांमध्ये असताना मॅनेजर जॉन युस्टेस उठून डर्बीला गेला, जो खाली घसरायच्या भीतीत होता. जाताना काय विचार केला असेल ते समजायला फार हुशारी लागत नाही.

एफएफपीने यातलं काय थांबवलं? खर्चाची मर्यादा पाळली की नाही, एवढंच त्याने तपासलं. मालकाचा पैसा उद्या येईल का, हे कुणी विचारलंच नाही.

पुणेकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. पुणे एफसी आठवतंय ना? आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेला संघ, मालकांनी आवरतं घेतलं आणि संपला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीग खेळून गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागी हैदराबाद आलं. तिच्या समर्थकांनी, ऑरेंज आर्मीवाल्यांनी, ढोल-ताशे वाजवून बालेवाडी दणाणून सोडली होती, त्यांच्या हातात स्कार्फ राहिले. आणि मुंबई सिटी? २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, शील्ड आली, कप आले, आणि आयएसएलचंच (इंडियन सुपर लीग) भवितव्य टांगणीला लागल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये ते निघून गेले. क्लब मरतो किंवा लटकतो तो मालकाने पाठ फिरवल्यावर. त्याने जास्त खर्च केला होता की कमी, हा नंतरचा प्रश्न.

म्हणून माझं म्हणणं असं की खर्चावर मर्यादा घालू नका, हमी मागा. महारेराने बिल्डरला सांगितलं ना, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेव आणि बांधकामालाच वापर? तसंच इथे करा. खेळाडूशी पाच वर्षांचा करार केलास ना, मग पाच वर्षांच्या पगाराची आणि ट्रान्सफरच्या उरलेल्या हप्त्यांची रक्कम आधी वेगळ्या खात्यात ठेव किंवा बँक गॅरंटी दे. तू उद्या क्लब सोडलास तरी खेळाडूचा, माळ्याचा, तिकीट खिडकीवरच्या बाईचा पगार निघाला पाहिजे. हे केल्यावर तू किती उधळतोस ते तुझं तू बघ. आणि क्लब विकत घेताना काढलेलं कर्ज क्लबच्या नावावर टाकायला सरळ बंदी.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे. मग अबू धाबी आणि सौदी सगळं विकत घेतील! खरं आहे, तो धोका आहे आणि माझ्या सूचनेत त्यावर औषध नाही. पण एखाद्या देशाच्या सरकारने क्लबचा मालक असावं की नसावं, हा प्रश्न उघडपणे 'नाही' म्हणून सोडवा ना. ताळेबंदाच्या आडून कशाला? तिथे एव्हर्टन सापडतं आणि ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे ते वर्षानुवर्षं लढत बसतात.

मँचेस्टर सिटीबद्दल एकच. ११५ आरोपांत जो गंभीर भाग आहे तो 'खूप खर्च केला' हा नाही. खोटे हिशेब दिले, मालकाचा पैसा प्रायोजकाचा म्हणून दाखवला, चौकशीला सहकार्य केलं नाही, असे आरोप आहेत आणि सिटीला ते मान्य नाहीत. सिद्ध झालं तर कडक शिक्षा व्हायला हवी, गुण काय, किताबही काढा. खोटं बोलणं आणि पैसे खर्च करणं या दोन गोष्टींची गल्लत मात्र करू नका. ग्रुपवर ती रोज होते.

आता २०२६-२७ पासून प्रीमियर लीग पीएसआर सोडून नवा नियम आणतंय. संघावरचा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. १४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. म्हणजे पुन्हा उत्पन्नच, मोठ्यांना मोठी थाळी. मला जास्त आशा आहे ती २०२५ च्या कायद्याने आलेल्या स्वतंत्र नियामकाकडून. मालकाची पात्रता, पैशाचा स्रोत, क्लबची आर्थिक योजना हे तपासायचा अधिकार त्याला दिलाय. वापरतो का ते दिसेलच.

लिव्हरपूलवाले कॉमेंटमध्ये येणारच आहेत, स्वागत आहे. फक्त 'आम्ही कमावतो' हे पुन्हा लिहू नका, ते वर येऊन गेलंय. त्याऐवजी ग्लेझरांचा मुद्दा कुणी खोडून दाखवा. आणि ब्लॅकबर्नचा कुणी खराखुरा समर्थक पुण्यात असेल तर मला मेसेज करा, मला त्याला एकदा भेटायचंय.