आंबोण घातलंस का गं?

गेल्या रविवारी ताईकडे गेले होते. त्यांच्या सोसायटीत पार्किंगच्या मागे बायोगॅसचं युनिट आहे. त्याला कुलूप, आणि कुलपाला गंज. चेअरमन म्हणाले, "अहो, आपल्याकडे नाही चालत हे बायोगॅस-बियोगॅस." पाहुणी होते म्हणून गप्प बसले. इथे बोलते.

आमच्या गच्चीवर सहा वर्षं चालतंय. १००० लिटरची टाकी, तिच्यात ७५० लिटरची उपडी घातलेली, वर दाबाला चार विटा. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, शेगडी पेटवली की हळूहळू खाली बसते. सकाळचा चहा, दूध आणि एक कुकर त्यावर निघतो. सिलिंडर सुटलेला नाही, पण चांगला लांबतो.

सासूबाई कराडकडच्या, गोठ्यात वाढलेल्या. रोज सकाळी विचारतात, "आंबोण घातलंस का गं?" आंबोण म्हणजे दुभत्या जनावराला घालायचं भिजवलेलं खाद्य. टाकीत घालायच्या खरकट्याच्या बादलीला त्या आंबोणच म्हणतात. मला तर वाटतं अख्खं तंत्र त्या एका शब्दात आलं. टाकी ही कचरापेटी नाही, पोट आहे.

पुण्याच्या 'आरती' संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांचा मुद्दा हाच होता. शेण म्हणजे गाईने कस काढून घेतलेला चोथा. मग जिवाणूंना चोथा कशाला, थेट भात-पोळीच घाला की! ४० किलो शेणातून ४० दिवसांत मिळतो तेवढा मिथेन (बायोगॅसमधला जळणारा गॅस तो हाच) दोनेक किलो पिष्टमय अन्नातून एका दिवसात, असा त्यांचा हिशेब. (आमची टाकी दोन-तीन दिवस घेते, खोटं कशाला बोलू.) याच घरगुती संयंत्रासाठी 'आरती'ला २००६ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

पोट म्हटलं की अजीर्ण आलंच. पहिल्याच वर्षी गौरीजेवणानंतर मी अर्धं पातेलं मसालेभात आणि उरलेलं श्रीखंड एकदम ओतलं. तिसऱ्या दिवशी गच्चीभर आंबूस वास. टाकी टम्म वर आलेली, पण शेगडी पेटेना. काडीमागून काडी. आत जिवाणूंच्या दोन टोळ्या राबतात. पहिली अन्नाचं आम्ल करते, ती भलती चपळ. दुसरी त्या आम्लाचा मिथेन करते, ती सावकाश चालणारी. अन्न फार पडलं की आम्ल साचतं, दुसरी टोळी बसकण मारते आणि टाकीत बहुतेक कार्बन डायऑक्साइडच भरतो. तो कसला पेटतोय! मग लंघन. दहा दिवस काही म्हणजे काही नाही, थोडी चुन्याची निवळी, आणि ओळखीच्या गोठ्यातलं बादलीभर ताजं शेण. अकराव्या दिवशी निळी ज्योत आली तेव्हा सासूबाईंनी टाकीची दृष्ट काढली.

आता ताईच्या सोसायटीतलं ऐका. त्या युनिटमध्ये काय गेलं? प्लास्टिकचे चमचे, नारळाच्या शेंड्या, लिंबाच्या सालींचा ढीग. बघायला माणूस नाही. वॉचमनलाच 'जाता-येता टाक' म्हणून सांगितलेलं. आणि दिवाळीत सगळे गावी गेल्यावर पंधरा दिवस उपास. म्हैस असती तर दावं तोडून गेली असती. पण बोर्डावर लिहिलंय, 'मशीन नादुरुस्त'.

इंदूरचं उदाहरण सगळे देतात. रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायोगॅस प्रकल्प, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, शहरातल्या बस त्या गॅसवर धावतात. पण त्याआधी काही वर्षं घरोघरी ओला-सुका वेगळा द्यायची सवय लागली होती, हे सांगायचं राहून जातं. आपण आधी फीत कापतो, मग कचरा शोधत फिरतो. आणि 'आपल्याकडे' म्हणाल तर माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. काय राव!

वर्षानुवर्षं पुण्यातलं हेच अन्न उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोत जाऊन कुजलं. मिथेन तिथेही झालाच, फक्त झाकण नव्हतं, आणि वास तिथल्या गावांनी घेतला.

ताईला म्हटलंय, कुलूप उघडायला लाव आणि कचऱ्याच्या मावशींना या कामाचा वेगळा पगार ठरवून द्या. विरजण माझ्याकडून. आमच्या टाकीची दोन बादल्या स्लरी, म्हणजे जिवाणूंनी भरलेला पातळ रबडा, भरून ठेवलीये, गाडीत सांडू नये म्हणून झाकणाला गोणपाट बांधलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.