बंद पडलेल्या कंपनीची गाडी

गेल्या रविवारी सांगलीच्या एका मंगल कार्यालयात, चौथे मंगलाष्टक संपून 'सावधान' झाल्याबरोबर, ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली : "एम. एच. बारा पासिंगची पांढरी दत्तसन, कंपनीची बंद पडलेली गाडी, भटारखान्याच्या वाटेत उभी आहे. ज्या पाहुण्यांची असेल त्यांनी ताबडतोब हलवावी. चार तरुण पोरांनी धक्का द्यायला मागच्या अंगाला यावे."

मांडवात चारशे माणसे होती. माझी पत्नी शेजारीच उभी होती आणि तिने अंतरपाटाकडे अशा एकाग्रतेने पाहायला सुरुवात केली, की तिची माझ्याशी ओळख व्हायची अजून बाकी असावी.

माझी गाडी बंद पडलेली नव्हती, हे मला पहिल्यांदा नोंदवून ठेवायचे आहे. ती त्याच सकाळी पुण्याहून निघून सातारा, कऱ्हाड, पेठ नाका असे करत, एकदाही न कुरकुरता, सांगलीला आली होती. बंद पडली आहे ती कंपनी. आणि काटेकोरपणे बोलायचे तर तीही कंपनी नव्हे, निस्सान या जपानी कंपनीने कपाटातून बाहेर काढलेले आणि काही वर्षांनी पुन्हा कपाटात ठेवून दिलेले एक जुने नाव. परंतु 'बंद पडलेल्या कंपनीची गाडी' आणि 'कंपनीची बंद पडलेली गाडी' यांतला फरक, हातात अक्षता असताना, चारशे माणसांना समजावून सांगता येत नाही. विशेषण एक घर पुढे सरकते आणि माणसाची अब्रू भटारखान्याच्या वाटेवर येते.

या सर्वांच्या मुळाशी वधूचे चुलत मामा होते. सख्खे मामा नवरीला हाताला धरून मांडवात आणणार असल्यामुळे चुलत मामांकडे कोणतेही काम उरले नव्हते, आणि काम नसलेला मामा लग्नात मोकळा सोडणे धोक्याचे असते हे ओळखून कोणीतरी त्यांच्या डोक्यावर फेटा आणि हातात शिट्टी देऊन त्यांना वाहनतळावर उभे केले होते. त्यांनी वाहनतळाची एक वर्णव्यवस्था लावून ठेवली होती. मोठ्या, उंच, काळ्या गाड्या चिंचेच्या सावलीत, मारुती आणि ह्युंदाई भिंतीच्या कडेने, दुचाक्या फाटकाशी. माझी गाडी आत शिरली तेव्हा त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि काचेतून आत वाकून विचारले, "कंची म्हणायची ही?"

"डॅटसन."

"दत्तसन?" त्यांनी फक्त हात जोडायचे बाकी ठेवले. "वाडीची का औदुंबरची?"

नरसोबाची वाडी आणि औदुंबर ही दोन्ही दत्तस्थाने सांगलीपासून जवळ असल्यामुळे प्रश्न त्यांच्या बाजूने सयुक्तिक होता. मी म्हणालो की ही जपानची आहे. येथे गप्प बसायला हवे होते. पण गेली दहा-अकरा वर्षे गाडीचे नाव सांगितल्यावर पुढचे पाच वाक्यांचे निवेदन माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडते. हाशिमोतो मासुजिरो नावाच्या अभियंत्याने १९११ साली तोक्योत एक छोटा कारखाना काढला. १९१४ साली तिथे जी गाडी तयार झाली तिला, भांडवल देणारे डेन, आओयामा आणि ताकेउची या तिघांच्या आडनावांची रोमन आद्याक्षरे जोडून, 'डॅट' असे नाव दिले. जपानी भाषेत त्याच उच्चाराचा, दचकून धूम ठोकणाऱ्या सशाशी संबंध असलेला एक शब्दही आहे, त्यामुळे नाव दोन्हीकडून जमले.

मामांना ससा आवडला नाही. ते तीन बोटे वर धरून विचारात पडले होते. "म्हंजे तीन तोंडं?"

"तोंडे नव्हेत, भागीदार."

"त्येच की वो. तीन तोंडं, एक धड. मग दत्तच झाला का न्हाई?" मी काही बोलण्याच्या आत त्यांचा चेहरा पडला. "पर तिघांची भागीदारी म्हंजे तीन तिगाडा. तितंच चुकलं बघा त्यांचं."

मला अशा वेळी मारुती चालवणाऱ्यांचा मनापासून हेवा वाटतो. सुझुकीचा मूळ धंदा विणकामाचे माग बनवण्याचा होता, १९०९ सालचा, हे ठाऊक नसलेली लाखो माणसे सुझुकीची गाडी मजेत चालवतात, आणि फाटकावरचा कोणताही मामा त्यांना मागांविषयी छेडत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी कधीच नव्हतो. दर पेट्रोल पंपावर, दर पी. यू. सी. केंद्रावर, संगणकाच्या यादीत नाव न सापडल्याने वर पाहणाऱ्या दर मुलासमोर परीक्षा द्यावी लागल्यामुळे मी तो झालो आहे.

"आन् त्ये सन कशाचं?" मामांनी विचारले. मागे तीन गाड्या भोंगे वाजवत उभ्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे तळहात दाखवला.

आता 'सन'ची गोष्ट मला स्वतःलाच बोचत असल्यामुळे मी ती सहसा सांगत नाही. १९३० च्या सुमारास जपानमध्ये ५०० सी. सी.पर्यंतच्या चिमुकल्या गाड्यांना परवान्याच्या कटकटीतून सूट मिळाली, तेव्हा डॅटवाल्यांनी १९३१ मध्ये एक लहान गाडी काढली आणि 'डॅटचा मुलगा' या अर्थाने मुलाला असलेला इंग्रजी शब्द मागे जोडला. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की 'सोन' या जपानी शब्दाचा अर्थ 'तोटा' होतो. त्यांनी घाईघाईने ओ हे अक्षर काढून यू घातले आणि मुलाचा सूर्य केला. जपानच्या झेंड्यावर सूर्य आहेच, तेव्हा शोभाही झाली. दुर्दैव असे, की देवनागरीत मुलाचा आणि सूर्याचा हे दोन्ही इंग्रजी शब्द सारखेच लिहिले जातात. जपान्यांनी एका अक्षराने टाळलेला तोटा मराठी माणसाच्या वाट्याला शाबूत राहिला, आणि माझ्या आर. सी. बुकात तो नोंदवलेलाही आहे.

मामांनी हे सर्व ऐकून घेतले आणि खिडकीच्या कडेवर दोन्ही कोपरे टेकले. "नाव बदलून तोटा टळतुय व्हय? आता हाय का कंपनी?"

"नाही. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याकडे बंद झाली."

मामांनी फेटा काढला. मी शपथेवर सांगतो, त्यांनी फेटा काढून काखेत घेतला. "एकदम?"

"एकदम नाही. आधीही एकदा गेली होती." आणि मला न शोभणाऱ्या तपशिलाने मी सांगून टाकले की १९८१ साली निस्सानने हे नाव टप्प्याटप्प्याने मोडीत काढायचे ठरवले, अमेरिकेत तोवर ते नाव घराघरांत पोचले होते, तरीही ठरवले, आणि मग २०१२ मध्ये कार्लोस गोन या प्रमुखांनी ते पुन्हा जिवंत केले, जुलै २०१३ मध्ये दिल्लीजवळ गाजावाजा करून 'गो' ही गाडी दाखवली आणि मार्च २०१४ मध्ये ती तीन लाख बारा हजारांपासून विकायला काढली. त्या वर्षीच्या दसऱ्याला मी ती घेतली. नोव्हेंबरात, घरातल्या झेंडूच्या माळा नुकत्याच उतरवल्या असताना, ग्लोबल एन-कॅप या संस्थेने या गाडीची धडक चाचणी घेऊन तिला शून्य तारे दिल्याची बातमी आली. तेव्हापासून आमच्या घरी कोणीही ग्रहताऱ्यांचा विषय काढत नाही. मी साठच्या वर जात नाही.

"त्ये साहेब आता कुटं असत्यात?"

"लेबनॉनमध्ये. जपानमध्ये त्यांच्यावर खटला होता. आरोप त्यांना मान्य नाहीत. जामिनावर असताना, २०१९ च्या डिसेंबरात, ते ध्वनिक्षेपणाच्या सामानाच्या पेटीत बसून देशाबाहेर गेले."

मामा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग ते वळले आणि मागच्या गाडीतल्या संपूर्ण अनोळखी कुटुंबाला मोठ्याने म्हणाले, "मालक पेटीत बसून पळाला ह्यांचा!"

'मालक नव्हे, प्रमुख' हे माझे म्हणणे शिट्टीच्या आवाजात विरून गेले. मामांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला, कर्त्या माणसाने दुःखी घरातली व्यवस्था पाहावी तशा हळुवारपणे मला हाताने दिशा दाखवली आणि चिंचेची सावली, भिंतीची कड, फाटक हे सर्व ओलांडून, भटारखान्यामागे, खरकट्याच्या पिंपांशेजारी माझी गाडी लावून घेतली. "हितं कुणी हात लावायचं न्हाई हिला," ते म्हणाले. हे आश्वासन होते की मूल्यमापन, ते मला अद्याप ठरवता आलेले नाही. ती जागा आचाऱ्याच्या टेम्पोच्या वाटेत येते, हे मी त्यांना त्याच वेळी सांगितले होते, हेही येथे नमूद करतो. "टेम्पो संध्याकाळी येतुय," असे ते म्हणाले होते.

चिंचेच्या सावलीत माझ्या साडूंची उंच, काळी गाडी उभी होती. ती सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेली आहे, आणि त्या हप्त्यांपैकी दोन कोणाच्या खिशातून गेले हे मी सांगणार नाही. तिच्याविषयी त्यांना कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. मला गंमत करायची होती आणि मी ती करतोही आहे, पण खरोखर, पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधी त्याच्या गाडीची पुनर्विक्रीची किंमत विचारायची ही कोणती रीत? दिवाळीत गाडी विकावी असे मनात आले होते तेव्हा जुन्या गाड्या घेणाऱ्या एकांकडून मूल्यांकन करायला एक तरुण आला; त्याने बॉनेटवर टिचकी मारली, दारे उघडून वास घेतला आणि जो आकडा सांगितला त्यात त्याच्या हातातला फोन आला असता. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. आकडा सांगताना त्याने माझ्या खांद्यावर जो हात ठेवला, त्याबद्दल आहे.

माझ्या मुलाचे म्हणणे असे, की पुढचे मागचे नाव उखडून टाकावे म्हणजे कोणी काही विचारणार नाही. सूचना अगदीच परंपरेला सोडून नाही. कातायामा युताका हे डॅटसनचे अमेरिकेतले थोर प्रतिनिधी; १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या सुमारे १६ हजार किलोमीटरच्या शर्यतीत या गाड्यांनी आपल्या वर्गात पहिला क्रमांक काढला, तेव्हा त्या चमूचे नेतृत्वही त्यांच्याकडेच होते. पुढे जपानहून 'फेअरलेडी' असे नाव लावून स्पोर्ट्स गाड्या आल्या, तेव्हा असल्या नावाची गाडी अमेरिकेत चालायची नाही म्हणून त्यांनी ती पाटी काढून '२४० झेड'ची लावली, आणि ती गाडी अशी खपली की आजही तिचे जुने मालक तिला देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी ठेवतात. कातायामा १०५ वर्षे जगले. गाडीवरची पाटी ही काय चीज आहे हे त्या माणसाला कळले होते. मला मात्र पाटी काढवत नाही. अकरा वर्षे जिच्यावरून बोलणी खाल्ली ती पाटी काढायची, तर मग ती बोलणी कशासाठी खाल्ली?

असो. टेम्पो संध्याकाळी न येता पाचव्या मंगलाष्टकाच्या आधी आला, त्यात जिलेबीची पिंपे होती, आणि मामांनी ध्वनिक्षेपकावरच्या पोराकडे जो निरोप धाडला तो वाटेत विशेषण एक घर सरकून पोचला. मी हातातल्या अक्षता खिशात घालून मागच्या अंगाला धावलो, तोपर्यंत चारांच्या ऐवजी नऊ तरुण जमले होते. ते कोल्हापुरी फेटे सावरत माझ्या गाडीला सर्व बाजूंनी रेटत होते आणि गाडी, अर्थातच, हलत नव्हती. एकजण काचेला नाक लावून आत पाहत होता. 'गो'मध्ये गिअरचा दांडा जमिनीवर नसतो, तो पुढच्या फळीतून बाहेर आलेला असतो. हातब्रेकही दोन आसनांच्या मध्ये नसतो, फळीखाली ओढायचा असतो. कारण पुढची आसने बाकासारखी एकमेकांना जोडलेली आहेत. समोरच्या काचेला वायपर एकच आहे. हे सर्व गाडी स्वस्तात बसवण्यासाठी विचारपूर्वक केलेले आहे आणि मला त्याची सवय झाली आहे. काचेवरच्या तरुणाला ती नव्हती. तो मागे वळून ओरडला, "आरं, हिला गिअरच न्हाई!"

"एक वायपर बी काढून न्हेलाय कुणीतरी," दुसरा म्हणाला.

मामा सर्वांच्या मधोमध उभे होते. "कंपनीच ऱ्हायली न्हाई, पोरांनो," ते जड आवाजात म्हणाले, "तितं गिअर कुटला यायाचा?"

मी गर्दीतून वाट काढत दार उघडले, आत बसलो आणि किल्ली फिरवली. तीन सिलिंडरांचे ते इंजिन थोडेसे थरथरून पहिल्या फटक्यात सुरू झाले. आतून सहावे मंगलाष्टक ऐकू येत होते. क्षणभर कोणी काही बोलले नाही, आणि मला वाटले की आता सत्य काय ते या लोकांना दिसले.

"धक्क्यानं झाली!" मामा म्हणाले, आणि नऊही तरुणांनी टाळ्या वाजवल्या. एकाने दुसऱ्याची पाठ थोपटली. मामा खिडकीशी आले, पुन्हा कोपरे टेकले आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाले, "पाव्हणं, आता पुण्यापातूर बंद करू नका."

मी गाडी दहा हात मागे घेऊन टेम्पोला वाट दिली. जेवण व्हायचे होते, जिलेबी समोरून आत चालली होती आणि मांडवात पत्नीला माझी ओळख पुन्हा करून द्यायची होती. मी किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबले.

"आरारारा," नऊच्या नऊजण एका सुरात म्हणाले, "पडली पुन्ना!"