कांपेचेचा तट आणि पन्हाळ्याची घरं

कांपेचे हे मेक्सिकोच्या आखातावरचं जुनं बंदर. १६८५मध्ये लॉरेन्स द ग्राफ आणि त्याच्या साथीदार चाच्यांनी ते लुटलं, आणि पुढच्याच वर्षी षट्कोनी तटबंदीचं काम सुरू झालं. तटाच्या आतलं गाव १९९९पासून जागतिक वारसा आहे. मी मेक्सिकोत राहते. तिथं हिंडताना मनात सारखा पन्हाळा येत होता.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना हाच दर्जा दिला. पन्हाळा त्यात आहे आणि मला त्याचा अतोनात आनंद आहे. पण गडावर राहणाऱ्यांच्या मनात आधीपासून असलेली धास्ती गुलालात झाकली गेली: उद्या गळकं छप्पर बदलायचं तर परवानगी कुणाकडं मागायची? ‘गडावर घरं हवीतच कशाला?’ असं विचारणारेही भेटतात. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. पन्हाळा तालुक्याचं ठिकाण आहे, तिथं संसार आहेत.

कांपेचेत तटाच्या आत संसार दिसतात. रस्त्यापेक्षा उंच फुटपाथ, खिडक्यांना गज, आत चालू असलेला टीव्ही. उकाड्यामुळं संध्याकाळी माणसं दारात खुर्च्या टाकून बसतात. एका पिवळ्या घरासमोर रंगारी शिडीवर उभा राहून चौकटीभोवतीची पांढरी पट्टी बारीक ब्रशनं ओढत होता. सान्तियागो बुरुजात झाडांची बाग आहे, सोलेदाद बुरुजात माया लोकांच्या कोरीव शिळा.

तिथं सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. समुद्राकडचा दरवाजा त्यांनीच १८९३मध्ये पाडला आणि १९५०च्या दशकात पुन्हा बांधला. पुढं भराव पडला, त्यामुळं आज दरवाज्यातून बाहेर पडलं तरी समुद्र लगेच लागत नाही. काही सुरेख रंगवलेल्या दारांना कुलपं होती. पन्हाळ्याची अशी गत झाली तर मला फार वाईट वाटेल.

तटाला खेटून हॉटेल उठवणारा आणि चार पिढ्या गडावर राहणारा यांना एकाच मापानं मोजू नये. पहिल्याचं बांधकाम हटवाच. दुसऱ्याला घरदुरुस्तीचे नियम सोप्या मराठीत, लेखी मिळावेत, परवानगी गडावरच्याच कार्यालयात ठरल्या मुदतीत मिळावी, आणि कौल, दगड, चुना महाग पडला तर वरचा खर्च सरकारनं उचलावा.