सैतानाचं वकीलपत्र कसं घ्यावं?

मीटिंगमध्ये कुणाच्या तरी प्रस्तावाला खोडा घालायचाय, पण नामानिराळंही राहायचंय? मग ‘डेव्हिल्स ॲडव्होकेट’ व्हा. खुर्चीत जरा पुढे सरका, पेनाचं टोपण काढा (लिहायचं काही नाही, नुसतं काढा) आणि म्हणा, ‘‘जस्ट टु प्ले डेव्हिल्स ॲडव्होकेट...’’ यापुढे जे बोलाल ते सैतानाच्या खात्यावर.

हे पद खरोखरच होतं बरं का. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये ते रीतसर निर्माण केलं. एखाद्याला संतपद द्यायचं घाटत असलं, की त्याच्याविरुद्ध बोलायला चर्चच आपला एक कायदेपंडित बसवायचं. चमत्कार खरा की बनाव, साक्षीदार कितपत भरवशाचा, पुण्यात्म्याच्या चरित्रात कुठे पाणी मुरतंय का, हे सगळं तपासून तो आक्षेप घ्यायचा. वाचूनच दमलात ना? तुम्हाला यातलं काहीच करायचं नाही. उलट प्रस्ताव वाचलेला नसला की शंका जास्त मोकळेपणाने सुचतात.

वेळ मात्र अचूक साधा. सादरीकरण करणारी मुलगी शेवटच्या स्लाइडवर आलीय, लॅपटॉपची वायर काढायला तिचा हात गेलाय, लोक खुर्च्या मागे सरकवू लागलेत, हाच मुहूर्त. ‘‘पण लोकांना हे नकोच असेल तर?’’ एवढंच विचारा. वायर परत जोडून तिने आकडे दाखवलेच, तर हसून म्हणा, ‘‘अगं, हे माझं मत नाही, मी आपलं...’’ मत तुमचं नाहीच म्हटल्यावर ती बिचारी खोडणार काय? पुढे काम फसलं तर ‘मी तेव्हाच बोललो होतो’. तडीस गेलं तर ‘माझ्या प्रश्नांमुळेच पक्कं झालं’.

पथ्य एकच. साहेबांच्या कल्पनेविरुद्ध हे वकीलपत्र घेऊ नये. ती सैतानालाही आवडलेली असते.

खुद्द चर्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ मध्ये या वकिलाचे अधिकार बरेचसे काढून घेतले. त्यांच्या कारकिर्दीत एकूण ४८२ जण संत झाले. तुमच्या ऑफिसात कामं इतक्या झपाट्याने उरकण्याची भीती नाही. तुम्ही आहात ना.

आणि कुणी तुमच्याच प्रस्तावावर हा प्रयोग केला तर? शेजारच्याच्या कानात हळूच सांगा, ‘‘माणूस फार निगेटिव्ह आहे हो.’’