बिली प्रेस्टनला बीटल्सनी ऑर्गन शिकवला नव्हता, आणि देवाने त्याची किडनीही काढून घेतली नव्हती

सोमवारी डायलिसिस चालू असताना आत्याने मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं आहे का रे?" आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरचा मेसेज. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी तोच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: बिली प्रेस्टन हा अनाथ कृष्णवर्णीय मुलगा लंडनच्या रस्त्यावर भीक मागायचा. बीटल्सनी त्याला उचललं, ऑर्गन शिकवला, मोठं केलं. पैसा आल्यावर तो प्रभूची गाणी विसरला, व्यसनात बुडाला, म्हणून देवाने त्याची किडनी काढून घेतली. दहा जणांना पाठवा.

मी गेली वीस वर्षं आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतोय. प्रेस्टन म्हणजे अमेरिकन ऑर्गनवादक आणि गायक; त्याला ऐकत ऐकतच माझा हात तयार झाला. त्यामुळे गप्प बसवत नाही.

तो अनाथ नव्हता. जन्म २ सप्टेंबर १९४६ चा, ह्यूस्टनमधला, आणि वाढला लॉस एंजेलिसमध्ये, आईजवळ. आई चर्चमध्ये वाजवायची. लंडनच्या रस्त्यांचा इथे काही संबंधच नाही.

बीटल्सनी, त्या इंग्लंडच्या चौघांच्या बँडने, ऑर्गन शिकवला? १९५७ चं प्रसिद्ध गायक नॅट किंग कोल यांच्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रण इंटरनेटवर आहे, कुणीही पाहावं. अकरा वर्षांचा बिली ऑर्गनवर बसून गातोय आणि स्वतः कोल त्याच्यासोबत गातायत. कुठे अडखळणं नाही, कुणाकडे बघणं नाही. त्याआधीच, दहाव्या वर्षी, त्याने गायिका महालिया जॅक्सन यांना साथ केली होती. गॉस्पेलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांत, त्यांच्यापेक्षा मोठं नाव शोधून सापडणार नाही. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. प्रेस्टन वाजवायचा तो विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन वेगळा. दोन हात दोन कीबोर्डवर, पाय खालच्या पेडलवर, आणि वाजवता वाजवता दांड्या ओढून-ढकलून आवाजाचा पोत बदलायचा. हे त्याला चार गिटार-ड्रमवाल्यांनी शिकवलं म्हणे! १९६५ साली त्याच्या ऑर्गनची स्वतंत्र एलपी बाजारात आलेली होती.

बीटल्सची आणि त्याची ओळख १९६२ ची. तेव्हा तो अमेरिकन रॉक गायक लिटल रिचर्डच्या बँडमध्ये होता, सोळा वर्षांचा. 'मोठं केलं' यात अर्धं खरं आहे, तेवढं मी मान्य करतो: 'गेट बॅक' या गाण्याच्या रेकॉर्डवर बीटल्सच्या बरोबरीने त्याचं नाव छापलं गेलं आणि त्याचा फायदा त्याला झालाच. पण गरज कोणाला होती? १० जानेवारी १९६९ ला बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन तालीम सोडून निघून गेला होता, इतकं त्या चौघांचं बिनसलेलं. २२ तारखेला प्रेस्टन येऊन इलेक्ट्रिक पियानोवर बसला आणि काम मार्गी लागलं. ३० तारखेला गच्चीवरच्या त्या प्रसिद्ध मैफलीत तो होताच.

देवाला विसरला? हॅरिसनचं 'माय स्वीट लॉर्ड' हे देवाला आळवणारं गाणं हॅरिसनच्या आधी प्रेस्टनच्या १९७० च्या अल्बमवर आलं. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये, ज्या मंचावर रविशंकर आणि आपल्या मुंबईचे उस्ताद अल्लारखा बसले होते त्याच मंचावर, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी त्याने 'दॅट्स द वे गॉड प्लॅन्ड इट' गायलं. गाता गाता ऑर्गन सोडून उठला आणि नाचायला लागला.

आता किडनी. त्याला अंमली पदार्थांचं व्यसन होतं, नव्वदच्या दशकात तो तुरुंगातही गेला, हे मी लपवणार नाही. कोकेनने रक्तदाब वाढतो, हेही डॉक्टर सांगतील. त्याचं मूत्रपिंड उच्च रक्तदाबानेच खराब झालं. पण ही शरीराची गोष्ट झाली, शिक्षा नव्हे. २००२ मध्ये त्याच्यावर मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, हॅरिसनच्या स्मृतिसभेत, तो 'माय स्वीट लॉर्ड'च गायला. ६ जून २००६ ला तो गेला, एकोणसाठाव्या वर्षी.

बायबल हातात घेऊन हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी योहानाचा नववा अध्याय उघडावा. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. रविवारी हे वाचायचं आणि सोमवारी आजाऱ्याला 'देवाने किडनी काढली' असं पाठवायचं? माझ्या आत्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. आठवड्यातून तीनदा तिच्या हातात सुया टोचतात. तिचा प्रश्न प्रेस्टनबद्दल नव्हताच, हे मला फोनवर तिचा आवाज ऐकल्यावर कळलं.

ज्याने हा मेसेज ग्रुपवर टाकला त्याने तो आज काढावा. बुधवारी तिचं पुढचं डायलिसिस आहे, आणि ते चार तास ती तोच ग्रुप वाचत पडलेली असते.